विजयमालाने पाहिलेल्या पेशी

सारसोळ्याच्या कोळीवाड्यात जेट्टीकडे उतरणाऱ्या गल्लीत मेहेरांची पाच-सहा घरं आहेत. त्यातलं निळ्या दाराचं घर कुणाचं म्हणून विचारलं तर लहान पोरही सांगेल, विजयमालाचं. घर बांधलं तिच्या बापाने, घरपट्टी येते भावाच्या नावाने, पण गावाने ते केव्हाच विजयमालाच्या नावावर करून टाकलंय.

नेरूळच्या मासळीबाजारात शिरल्यावर डाव्या हाताचा दुसरा ओटा तिचा. आधी तो तिच्या आईचा होता. आई काविळीने गेली तेव्हा विजयमाला जेमतेम विशीची, आणि धाकटा प्रीतम अजून नीट बोलतही नव्हता. बाप होडी घेऊन खाडीत जायचा आणि भरती-ओहोटीच्या तालावर घरी यायचा, त्यामुळे पोराचं न्हाणं, खाणं, शाळा, सगळं हिच्याच अंगावर पडलं. ओट्याच्या मागे मासळीची एक पाटी उलटी ठेवून त्यावर ती त्याला बसवायची. गिऱ्हाइकाशी घासाघीस करता करता त्याच्याकडून पाढे म्हणून घ्यायची. तिला मागण्या आल्या, करंजाहून आल्या, दिवाळे गावाहून आल्या. प्रत्येकाचं म्हणणं एकच, पोराला बापाजवळ ठेव आणि तू ये. तिने प्रत्येकाला चहा पाजून वाटेला लावलं. पुढे मागण्या थांबल्या, पण तोवर तिला त्याची फिकीर उरली नव्हती.

विजयमाला गर्विष्ठ आहे, असं बाजारातल्या बाया म्हणतात, आणि ते खोटं नाही. शिळा मासा ती ओट्यावर मांडत नाही आणि ताज्या माशाचा भाव उतरवत नाही. 'परवडत नसंल तर शेजारी जा, बाय, तिथं पन मासाच हाय,' असं ती सरळ सांगते. लोक शेजारी जातात आणि पुढच्या रविवारी परत येतात. मोठा जिताडा आला की तो तिच्या बर्फावर आडवा पडलेला असतो आणि ती राजाच्या दरबारात बसल्यासारखी त्याच्यामागे बसलेली असते.

पण तिचा खरा गर्व म्हणजे प्रीतम. बाप गेला त्या वर्षी बारावी झाला, मग कंटेनर उचलायच्या मोठ्या गाड्या चालवायचं शिक्षण घेतलं आणि उरणजवळच्या एका यार्डात लागला. खाडीतल्या होड्यांच्या शर्यतीत सारसोळ्याच्या होडीत तो पुढून दुसरा. रुंद खांदे, काळा तुकतुकीत रंग. 'माज्या हातचे बोंबील खाऊन वाढलाय,' असं ती ज्याला त्याला सांगायची, जणू ते खांदे तिनेच घडवले होते. तसं पाहिलं तर घडवलेच होते.

तीन वर्षांपूर्वी, गणपती उठून गेल्यावर, प्रीतमला ताप आला.

साधासुधा ताप नव्हता. घसा सुजला, मानेला आणि जांघेत गाठी आल्या, छातीवर बारीक लाल पुरळ उठलं. हत्तीसारखा पोरगा, पण उठून संडासला जायला भिंत धरू लागला. विजयमालाने पहिल्यांदा दृष्ट काढली, मग त्याला रिक्षात घालून डॉक्टर स्मिता गोखल्यांकडे नेलं. या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना बाजाराच्या पलीकडच्या रस्त्यावर आहे आणि दर रविवारी त्या विजयमालाकडून बोंबील घेतात. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, असं रक्तात आलं. व्हायरल असेल, आराम करा, असं सांगून बाईंनी गोळ्या दिल्या. पण त्याच वेळी विजयमालाला पाणी आणायला बाहेर पाठवून त्यांनी प्रीतमला दोन-चार प्रश्न विचारले. त्याने खाली मान घालून खरी उत्तरं दिली, आणि बाईंनी आणखी एक तपासणी लिहून दिली.

दीड-दोन आठवड्यांत ताप उतरला. प्रीतम जेवू लागला, गाठी ओसरू लागल्या. विजयमालाने एकवीरेला नारळ कबूल केला होता, तो ठेवून आली. तिच्या लेखी विषय संपला होता.

प्रीतमचा मात्र नुकता सुरू झाला होता. एचआयव्हीची जी नेहमीची झटपट तपासणी असते ती त्याची कोरी आली होती. पण डॉक्टर स्मितांचं तेवढ्याने समाधान झालं नाही. ती तपासणी शरीराने दिलेलं उत्तर शोधते, विषाणूला नाही, असं त्यांनी त्याला समजावलं. 'उत्तर तयार व्हायला वेळ लागतो, प्रीतम. तोपर्यंत रक्त कोरंच दिसतं. आपण विषाणूच शोधू.' ती महागडी तपासणी झाली आणि विषाणू सापडला. भरपूर सापडला. लागण अगदी ताजी होती, फार तर तीन-चार आठवड्यांची.

मधल्या रविवारी डॉक्टर स्मिता नेहमीसारख्या बाजारात आल्या होत्या. बोंबील घेतले, शेजारच्या ओट्यावरच्या सुमित्राबाईच्या सुनेच्या बाळंतपणाची चौकशी केली आणि गेल्या. विजयमालाच्या भावाच्या रक्तात काय निघालंय हे त्यांना तेव्हा ठाऊक होतं, पण चेहऱ्यावरची रेष हलली नाही. हे पुढे विजयमालाच्या लक्षात आलं तेव्हा तिला राग यायला हवा होता. आला नाही. 'बाई पक्की हाय,' एवढंच म्हणाली, आणि तेव्हापासून त्यांच्या पिशवीत दोन बोंबील जास्त पडू लागले.

प्रीतमने बहिणीला स्वतःच सांगितलं. दुपारची वेळ होती, ती मागच्या पडवीत कोळंबी सोलत होती. तो समोर उकिडवा बसला, तिच्या पाटीतली कोळंबी घेऊन सोलू लागला आणि सोलता सोलताच बोलला. एड्सच्या विषाणूची लागण झाली आहे. एड्स झालेला नाही. औषध आहे, रोज एक गोळी, जन्मभर. उद्यापासून सुरू करायची आहे.

विजयमालाचे हात थांबले. एड्स म्हणजे काय हे तिला कळत होतं. तिच्या तरुणपणी गावातला एक खलाशी त्याने गेला होता. त्याच्या भांड्यांना कुणी हात लावत नसे, आणि तिनेही लावला नव्हता. तो वाळलेला माणूस तिच्या डोळ्यांपुढे येऊन उभा राहिला.

'कोनापासून?' तिने विचारलं.

'ते नको विचारू, ताय.'

बाजारात उभ्या जगाची चौकशी करणारी बाई, पण तो प्रश्न तिने पुन्हा कधी विचारला नाही. त्या दिवशीही नाही, आजतागायत नाही. पाटीतली पुढची कोळंबी उचलून ती म्हणाली, 'उद्या मी येनार तुज्यासंगं.'

'तुजा बाजार?'

'बाजार कुटं पलून जातोय?'

दुसऱ्या दिवशी दोघं बेलापूरला गेले. डॉक्टर स्मितांनी तिथल्या एका संशोधन केंद्रात फोन केला होता. सरकारी कचेऱ्यांच्या मागे एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ते केंद्र होतं. गोळ्या तिथल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरू होणार होत्या. पण पहिली गोळी घेण्याआधी त्यांनी प्रीतमला एक गोष्ट विचारली. लागण इतकी ताजी असताना माणूस त्यांच्यापर्यंत सहसा येतच नाही, ताप आला, गेला, विसरला, असं होतं. या पहिल्या आठवड्यांत शरीरातल्या राखणदार पेशी काय करतात, याचाच ते अभ्यास करत होते. प्रीतमने आज गोळीआधी थोडं रक्त दिलं आणि पुढेही अधूनमधून देत राहिला तर मोठी मदत होईल. नाही म्हटलं तरी औषधोपचारात काडीचाही फरक पडणार नाही.

प्रीतम हो म्हणाला. इतक्या चटकन म्हणाला की विजयमालाने त्याच्याकडे वळून पाहिलं.

त्यानंतरचे काही आठवडे घरात विचित्र शांतता होती. प्रीतम कामावर जात होता, गोळी घेत होता, केंद्रात जाऊन दंड पुढे करून येत होता. विजयमाला रांधत होती, बाजार करत होती. पण तिच्या बोलण्यातली धार गेली होती. गिऱ्हाईक भाव पाडून मागे आणि ती देऊन टाके. शेजारच्या ओट्यावरची सुमित्राबाई चकित होऊन बघत राही. आत तिला एकच गोष्ट खात होती. आजाराची लाज तिला फारशी वाटत नव्हती, मरणाची भीतीही डॉक्टरांच्या बोलण्याने बरीच ओसरली होती. पण आपण वाढवलेला हा पोरगा, एवढ्या ताकदीचा, एका न दिसणाऱ्या किड्यापुढे असा आडवा पडावा? भिंत धरून चालावा? आपल्या अन्नात, आपल्या हातांतच काही उणं राहिलं, असं तिला वाटू लागलं होतं. हे ती कुणाशी बोलली नाही. बोलायला तिच्याकडे होतं तरी कोण.

अशातच प्रीतमने सांगितलं की केंद्रातल्या लोकांना त्याच्या जांघेतली एक गाठ हवी आहे. छोटीशी. तेवढीच जागा बधिर करून, लहान छेद घेऊन काढायची, दोन टाके.

विजयमाला भडकली. 'रगत दिलंस तेवढं बास झालं. आता मास पन देनार? तू काय बाजारातला बोकड हायेस?'

'ताय, माजी मर्जी हाय.'

'आनि मी कोन?'

'तू चल ना. तूच विचार त्यांना काय विचारायचं ते.'

ती गेली. भांडायच्या तयारीने, कासोटा घट्ट मारून, चष्मा लावून, अंबाड्यात अबोलीची वेणी माळून गेली, कारण भांडायला जाताना नीटनेटकं जावं हे तिला आईने शिकवलं होतं. केंद्रातल्या खोलीत एक तरुण मुलगी तिच्यासमोर बसली. श्रुती नाव, अंगात पांढरा कोट, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. पेशींचा अभ्यास करणाऱ्यांपैकी ती एक होती.

'गाठ दिली तर माज्या भावाला काय मिलनार?' विजयमालाने बसता बसता विचारलं.

श्रुतीने सरळ सांगितलं, 'काही नाही, ताई. त्याचा आजार त्याने बरा होणार नाही. एखाद-दोन दिवस दुखेल. शंभरात एखाद्याची जखम चिघळते, मग आम्ही उपचार करतो. फायदा झालाच तर पुढे येणाऱ्या लोकांना होईल, तोही किती आणि कधी ते मला आज सांगता येणार नाही.'

विजयमालाचा उभा जन्म बाजारात गेलेला. समोरचा माणूस माल खपवतोय की खरं बोलतोय हे तिला आवाजावरून कळतं. ही पोरगी काही खपवत नव्हती.

'मग गाठच का? रगतात नाय दिसत?'

'रक्त म्हणजे रस्ता, ताई. पेशी त्यातून ये-जा करतात. पण जमतात त्या गाठींमध्ये. लढाई तिथे होते, आणि विषाणू दडतोही तिथेच.'

'कसली लढाई?'

मग श्रुतीने तिला सगळं सांगितलं. घाई न करता, विजयमाला मध्ये थांबवेल तिथे थांबत. हा विषाणू अंगात शिरला की नेमका राखण करणाऱ्यांच्या मुकादमालाच गाठतो. शरीरात काही पेशी बाकीच्यांना हाका मारतात, कामाला लावतात. विषाणू त्यांच्याच आत घुसतो आणि तिथे आपली पिल्लं काढतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्याची संख्या भराभर चढते, आतड्यातल्या अशा पेशी तर झपाट्याने मरतात. आणि कोणतंही औषध सुरू झालेलं नसताना, तपासणीत दिसणारं ते उत्तरही रक्तात आलेलं नसताना, दुसऱ्या जातीच्या पेशी उठतात. त्यांचं काम मारण्याचं. ज्या पेशीत विषाणू लपलाय ती पेशी हुडकायची आणि ती पेशीच संपवायची. एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार, थोड्या दिवसांत त्यांची फौज उभी राहते. त्या चढलेल्या विषाणूला खाली खेचतात.

'पूर्ण मारत नाहीत,' श्रुती म्हणाली. 'पूर्ण मारणं कुणालाच जमलेलं नाही. काही विषाणू झोपलेल्या पेशींत जाऊन बसतात, तिथे ते कुणालाच सापडत नाहीत. आणि लढून लढून या मारणाऱ्या पेशीही थकतात. म्हणून तर गोळी. गोळी विषाणूला वाढू देत नाही, पेशींना दम खायला मिळतो. प्रीतमची गोळी फार लवकर सुरू झाली. त्याच्या पेशी थकायच्या आत. त्या तशा असताना कशा दिसतात, हेच आम्हाला बघायचंय.'

विजयमाला थोडी पुढे झुकली. 'त्याला ताप आला व्हता. गाठी सुजल्या व्हत्या.'

'हो.'

'भिंत धरून चालायचा.'

'हो ताई. ती लढाईच होती. त्या गाठी सुजल्या कारण आत पेशी वाढत होत्या. ताप त्याच गडबडीचा. तुम्ही त्याची सेवा करत होतात तेव्हा आत त्याचं शरीर सगळं बळ लावत होतं.'

विजयमालाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. श्रुतीला वाटलं, बाईंना समजलं नसावं, म्हणून तिने विचारलं, 'बघायच्यात तुम्हाला? प्रीतमची परवानगी आहे, त्यानेच मला सांगून ठेवलंय.'

शेजारच्या खोलीत एक यंत्र होतं. त्यातून रक्तातल्या पेशी एकेक करून उजेडाच्या बारीक किरणापुढून जातात आणि पडद्यावर प्रत्येक पेशीचा एक ठिपका उमटतो, असं श्रुती म्हणाली. तिने पडदा चालू केला. पहिल्या दिवशी, गोळीच्या आधी घेतलेल्या रक्ताचं चित्र होतं ते. निळे ठिपके थोडे आणि विरळ. ते मुकादम. आणि उजवीकडे वरच्या अंगाला लाल ठिपक्यांचा दाट थवा.

'ह्या मारनाऱ्या?'

'ह्याच. निरोगी माणसात इतक्या नसतात.'

'सगल्या त्याच्या?'

'सगळ्या त्याच्याच.'

विजयमाला पडद्यासमोर बराच वेळ उभी राहिली. तिने पदराने डोळे पुसले की चष्म्याची काच, हे श्रुतीला मागून कळलं नाही. मग ती बाहेर आली. प्रीतम बाकड्यावर बसून मोबाइल बघत होता. ती त्याच्या शेजारी टेकली आणि नेहमीच्या, बाजारातल्या आवाजात म्हणाली, 'दे गाठ. पन टाके घालनारा हात चांगला बघून घे.'

गाठ काढली त्या दिवशी ती दाराबाहेर बसून होती. प्रीतम लंगडत बाहेर आला आणि हसला. रात्री तिने खाडीतल्या निवट्यांचं कालवण केलं आणि तो तीन वेळा भात घेऊन जेवला. बाजारात तिची धार परत आली. दुसऱ्याच दिवशी एका गिऱ्हाइकाने पापलेटाचा डोळा लाल आहे म्हणून नाक मुरडलं, तर तिने त्याला डोळा कुठला आणि कल्ला कुठला इथपासून शिकवलं. सुमित्राबाईने सुटकेचा सुस्कारा सोडला.

सुमित्राबाई वाईट बाई नव्हे, पण तिच्या कानाला शेपूट आहे, एक बातमी शिरली की दुसरी ओढत आणते. बेलापूरच्या त्या इमारतीत तिच्या सुनेचा कुणी मामेभाऊ पहाऱ्यावर होता. सहा-सात महिन्यांनी तिने ओट्यावरून मान वाकडी करून विचारलं, 'विजे, पीतमला काय झालंय गं? त्या इमारतीत कसले लोक जातात ते ठाव हाय मना.'

आजूबाजूच्या बायांचे कोयते थांबले. विजयमालाच्या जिभेवर शंभर उत्तरं होती. सुमित्राबाईच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला तिला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण ती बातमी तिची नव्हती. 'त्याची गोष्ट हाय, सुमित्रा,' ती म्हणाली. 'त्याला वाटंल तवा तो सांगंल. मी नाय सांगनार.' आणि पुन्हा माशाची खवलं काढू लागली. बाजाराने तिला इतकं कमी बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

घरी तिने हे प्रीतमच्या कानावर घातलं.  रविवारी त्याची सुट्टी असते आणि सुट्टीच्या दिवशी तो पहाटे बहिणीबरोबर बाजारात येतो, बर्फाच्या पेट्या उतरवून देतो. त्या रविवारीही आला. पेट्या उतरवल्या, आधी बहिणीच्या, मग नेहमीसारखी सुमित्राबाईचीही एक. मग पँटला हात पुसून तिथेच उभा राहिला.

'मावशी, तू विचारलंस ना?' तो सुमित्राबाईला म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. 'मना एचआयव्हीची लागन झालीय. गोली चालू हाय. रक्तात आता विषाणू मोजन्याइतका पन सापडत नाय, त्यामुले माज्यापासून कोनाला होनार नाय. ह्या पेटीला हात लावल्यानं तर कोनाला कदीच होत नाय. कोनाला अजून काय विचारायचं असंल तर मना विचारा. तायला नका विचारू, तिनं काय केलेलं नाय.'

 कोपऱ्यातली एकजण उठून नळावर हात धुवायला गेली, ते सगळ्यांनी पाहिलं. सुमित्राबाई पेटीकडे बघत राहिली. मग तिने पेटीचं झाकण उघडलं, बर्फात हात घातला आणि सुरमई काढून ओट्यावर मांडली. 'अरे, दुसरी पेटी कोन उतरवनार, तुजा बाप?' ती म्हणाली.

पुढचे दिवस अगदीच सोपे गेले असं नाही. विजयमालाची काही जुनी गिऱ्हाइकं तुटली ती तुटलीच, समोरून जाताना आजही मान वळवून जातात. शर्यतीच्या होडीतल्या दोघांनी प्रीतमशेजारी बसायला नकार दिला, आणि होडी हाकणाऱ्या तांडेलाने त्या दोघांनाच उतरवून दुसरे घेतले. डॉक्टर स्मितांनी देवळाच्या सभामंडपात एका संध्याकाळी येऊन गावाला समजावलं, आणि त्यानंतर कितीतरी तरुण पोरं गुपचूप जाऊन तपासून आली. एक-दोघांना लागण निघाली, त्यांची गोळी सुरू झाली. विजयमालाचं म्हणणं, प्रीतम बोलला नसता तर ती पोरं सापडली नसती. तिच्याशी या बाबतीत वाद घालायला कुणी जात नाही.

मागच्या वर्षी केंद्राने अभ्यासात भाग घेतलेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना बोलावलं. काय सापडलं ते सांगायला. खुर्च्यांवर तीस-चाळीस माणसं, कुणी तोंडाला रुमाल बांधून आलेली. श्रुतीने पडद्यावर गाठींच्या आतली चित्रं दाखवली. ज्यांची गोळी पहिल्या आठवड्यांतच सुरू झाली त्यांच्या मारणाऱ्या पेशी कमी थकल्या होत्या, विषाणू ओळखायची त्यांची आठवण शाबूत होती. लपलेला विषाणू त्यांच्यातही होता, फक्त कमी. हा आजार बरा करणं अजून लांब आहे, ती म्हणाली, पण रस्ता कुठून जातो ते थोडं दिसतंय. मग ती म्हणाली, 'हे आम्हाला कळलं कारण या खोलीतल्या काही जणांनी स्वतःच्या अंगातला तुकडा दिला. त्याबदल्यात त्यांना काही मिळालं नाही.'

विजयमालाच्या शेजारी एक म्हातारी बसली होती. तिचा मुलगा नुकताच केंद्रात येऊ लागला होता. ती पदरात तोंड घालून रडत होती. विजयमालाने तिला कोपराने ढोसलं. 'बाय, रडू नको. तो बघ, तिसऱ्या रांगेत, निल्या शर्टातला. माजा भाऊ. त्यानं दिलाय त्यातला एक तुकडा.' म्हातारीने मान वर करून पाहिलं. प्रीतम बाटलीतून पाणी पीत होता, त्याला काही पत्ता नव्हता. तेव्हापासून केंद्रातले लोक विजयमालाला अधूनमधून बोलावतात. सोमवारी, बाजार थंड असतो तेव्हा. नव्याने लागण निघालेल्याच्या घरचं कुणी आलं असेल तर ती त्यांच्याजवळ बसते. उपदेश करत नाही. काय रांधलं होतं, ताप किती दिवस होता, असलं विचारते. ती माणसं बोलू लागतात.

या वर्षी प्रीतमची बढती झाली. यार्डातल्या गाडीवरून त्याला धक्क्यावरच्या मोठ्या क्रेनवर घ्यायचं ठरलं. त्याआधी डोळे, कान, रक्तदाब, तोल, सगळ्याची तपासणी झाली आणि तो ठणठणीत ठरला. मार्च महिन्यात धक्क्यावर कामगारांच्या घरच्यांना आपल्या माणसाचं काम दाखवायला नेण्याचा दिवस होता. विजयमाला हिरवं जरीचं लुगडं नेसून, गळ्यात आईची सोन्याची माळ घालून बसमध्ये चढली. फाटकावर सगळ्यांना पिवळी हेल्मेटं दिली. तिच्या अंबाड्यावर हेल्मेट बसेना. सुरक्षेचा माणूस म्हणाला, 'मावशी, वेणी काढावी लागेल.'

'वेनी नाय काढनार,' ती म्हणाली. 'तुजी टोपी ढिली कर.'

त्याने पट्टा सैल केला. वेणीची टोकं हेल्मेटाखालून दोन्ही बाजूंनी डोकावत राहिली आणि ती तशीच सगळ्यांच्या पुढे चालू लागली.

धक्क्यावर जहाज लागलं होतं. वर, चार-पाच मजली इमारतीच्याही वर, क्रेनची काचेची खोली टांगली होती. ती सरकत सरकत जहाजावर गेली, दोर खाली सुटले, कंटेनर उचलला गेला, हवेत थोडा झुलला आणि स्थिर झाला. मग तसाच अलगद, हिंदकळू न देता, खाली उभ्या ट्रेलरवर येऊन टेकला. आवाजसुद्धा झाला नाही.

शेजारी उभ्या असलेल्या एका बाईने हाताने ऊन अडवत विचारलं, 'वर कोण आहे हो?'

विजयमालाने तिच्याकडे पाहिलंही नाही. तिची मान वरच होती.

'आमचा प्रीतम,' ती म्हणाली. 'सारसोल्याचा.'